आजींच्या दाराचं माप

४ फेब्रुवारी

ताई,

आई बरी आहे. पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या मनात पहिलं तेच येईल, म्हणून आधी सांगितलं. काम माझं आहे. मला एक आकृती काढून हवी आहे.

फेकू नकोस. पुढचं वाच.

आमच्या कारखान्याशेजारी, शाळा अर्ध्यावर सोडलेल्यांसाठी एक वर्ग चालतो. मी त्यात आहे. आईनं तुला फोनवर सांगितलं असेल, किंवा मुद्दाम सांगितलं नसेल. इथे लेखी परीक्षा नाही. चौघाचौघांचे गट आहेत. प्रत्येक गटाला एक खरं घर देतात आणि त्या घरातली एक खरी अडचण. ती सोडवणारी वस्तू बनवायची आणि ती त्या घरात चालली पाहिजे. शेवटी प्रत्येकाचं कौशल्यपत्रक भरलं जातं. त्यात गुण नाहीत. माप घेणं, आकृती काढणं, दुसऱ्याला समजावणं, चूक शोधणं अशा ओळी, आणि प्रत्येकीसमोर तीन रकाने: 'एकट्याला जमतं', 'मदतीनं जमतं', 'अजून नाही'. शेवटच्या रकान्यात एकही खूण आली तर प्रमाणपत्र मिळत नाही.

प्रमाणपत्र नसेल तर कारखान्याचे मालक मला यंत्रावर घेणार नाहीत. तसं त्यांनी तोंडावर सांगितलं आहे. सध्या मी तिथे झाडतो, त्यासाठीही एप्रिलपासून दुसरा बघतील. पुढच्या वर्षी मी या वर्गाच्या वयात बसत नाही. म्हणजे हे शेवटचंच.

आम्हाला मिळालेल्या घरात आजी-आजोबा आहेत. आजी शिवणकाम करायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायांतली ताकद गेली, हात मात्र अजून लोखंडी आहेत. त्यांची चाकाची खुर्ची बाथरूमच्या दारातून जात नाही. आजोबा त्यांना उचलून नेतात. आजी म्हणतात, "हे मला उचलतात, आणि मग आम्हा दोघांना उचलायला तिसरा शोधावा लागतो." आम्हाला एक अरुंद खुर्ची करायची आहे, खाली लहान चाकं असलेली. भिंतीला दांडी लावायची, तिला धरून आजी स्वतःला ओढत नेतील. उंबऱ्याला थोडा उतार द्यायचा.

आता अडचण ऐक. इथे काम अर्ध्यावर आलं की गटांची अदलाबदल होते. आमची आकृती दुसऱ्या गटाला द्यायची आणि खुर्ची त्यांनी बनवायची. आम्ही त्यांचं काम पुढे न्यायचं. सर म्हणतात, "जे काम दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, ते झालेलंच नाही." मला बोलून समजावता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? माझ्या आकृतीतल्या रेघा सरळ येतात, पण समोरचा विचारतो, "हे काय आहे?"

मापं सोबत जोडली आहेत. सगळी तीन-तीनदा घेतली आहेत. तू फक्त एक नजर टाक. नजर म्हणजे, जमलं तर काढच.

तू निघालीस त्या दिवशी मी जे बोललो त्याबद्दल वेगळं लिहीन. आधी हे पार पडू दे.

तुझा
छोटू

१७ फेब्रुवारी

ताई,

आकृती मिळाली. पाकिटात दुसरं काही नव्हतं. मी ते झटकूनही पाहिलं. असो. पाठवलीस हेच खूप.

वर्गाच्या कागदावर मी ती रेघ न रेघ उतरवून घेतली. काल सरांनी ती भिंतीला लावली आणि सगळ्यांना म्हणाले, "बघून ठेवा." माझ्या गटातल्या लंबूनं पाठीत धपाटा घातला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. दाराच्या जागी तू आकडाच घातला नाहीस. तिथे लिहिलंस, 'दार पूर्ण उघडून मोकळी जागा मोजावी, मगच खुर्चीची रुंदी ठरवावी.' ताई, आकडा मी पाठवला होता. पासष्ट सेंटीमीटर, चौकटीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. तुला तो खरा वाटला नाही. तुझ्या लेखी मी अजून नववीतलाच आहे. आणि जागा रिकामी ठेवून आकृती दिली असती तर सर म्हणाले असते, अर्धवट आहे. म्हणून ती ओळ मी उतरवली नाही. तिथे पासष्ट लिहिलं, आणि खुर्चीला बासष्ट. तुझं अक्षर कसं असतं ते मला पाठ आहे. त्याच वळणाचे आकडे काढले.

परत जाऊन मोजायला काय झालं होतं, असं तू विचारशील. मी गेलो तेव्हा ते दार बंद होतं. आत कुणी नव्हतं, आजी पलंगावर होत्या. पण परक्या बाईमाणसाच्या बाथरूमचं दार मी कसं उघडणार? आजोबा शेजारीच उभे होते. आणि दार बंद असलं काय, उघडं असलं काय, चौकट तर तेवढीच राहते.

अदलाबदल झाली. खुर्ची ठिणगीच्या गटाकडे गेली. ही मुलगी वेल्डिंग करते म्हणून तिला ठिणगी म्हणतात, बोलतेही तशीच. आकृती हातात घेऊन तिनं विचारलं, "काही अडलं तर कुणाला विचारू?"

मी म्हणालो, "सगळं त्यात आहे."

"बघ हं. तुझ्या भरवशावर लोखंड कापतेय."

त्यानंतर माझं कशात लक्ष नाही. काही चुकलेलं नाही, तरी नाही.

तुझा
छोटू

३ मार्च

ताई,

खुर्ची अडकली.

सकाळी आजींच्या घरी सगळे जमलो होतो. सर, ठिणगीचा गट, आमचा गट. पॅसेज अरुंद आहे, आम्ही भिंतीला पाठ लावून उभे होतो. आजींना नव्या खुर्चीत बसवलं. खुर्ची खरंच देखणी झाली होती. आजींनी दांडी धरली, स्वतःला ओढत उतारावर चढल्या, आणि दारात खट्ट झालं.

ते दार आत उघडतं. जेमतेम काटकोनात गेलं की मागे बेसिनला टेकतं, पुढे सरकतच नाही. म्हणजे पासष्टमधून दाराची जाडी गेली, त्यावरच्या कडीचा दांडा गेला. उरले एकोणसाठ. खुर्ची बासष्टची. आजींचा उजवा हात खुर्चीच्या हातावर होता, तो कडीत आणि लोखंडात चेपला. मागची चाकं उतारावर, त्यामुळे खुर्ची मागेही येईना. आम्ही ओढली की त्यांचा हात आणखी दाबला जायचा. आजोबा ओरडायला लागले. ठिणगी खाली बसून पाना फिरवत होती आणि तिच्या हातातून तो दोनदा निसटला.

आजी एवढंच म्हणाल्या, "मी आतली की बाहेरची, तेवढं लवकर ठरवा बाई."

शेवटी खुर्चीचा हात सोडवून आजींना बाहेर काढलं. त्यांच्या बोटांची सालं गेली होती. रक्त फार नव्हतं. पण शिवणारे हात आहेत ते. आजोबा सरांना म्हणाले, "पोरांचे प्रयोग माझ्या बायकोवर करायचे नाहीत. निघा."

वर्गात आल्यावर सरांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी ठिणगीला विचारलं, "दार बघितलं होतंस?"

"आकृतीप्रमाणे केलं, सर."

"मी ते नाही विचारलं."

सरांनी तिच्या पत्रकात 'चूक शोधणं' या ओळीसमोर 'अजून नाही'वर पेन्सिलीनं खूण केली. तिला तिचा भाऊ अजूनही म्हणतो की पोरींनी वेल्डिंग करून काय दिवे लावायचे. ती खूण बघून तिनं मान खाली घातली नाही. माझ्याकडे बघितलं.

मग सर मला म्हणाले, "हा पासष्ट कुठून आला?"

"मी मोजला."

"आकृती तुझीच ना?"

मी म्हणालो, "हो."

ताई, त्या सबंध कागदावर माझे असे दोनच आकडे होते. तेच तेवढे चुकीचे.

आजींनी आजोबांना समजावलं म्हणे. आणखी एक संधी मिळणार आहे. "दोन वर्षं मी उघड्या दारात बसतेय," त्या सरांना फोनवर म्हणाल्या, "एकदा मला ते दार लावून घेऊ दे, मग पोरांना हाकला."

दाराची मोकळी जागा एकोणसाठ आहे. या वेळी उघडून मोजली. तुझ्याकडे काही मागण्यासाठी हे लिहीत नाही. फक्त कळवतो.

छोटू

११ मार्च

ताई,

तुझं पाकीट आलं. नवी आकृती आणि चिठ्ठी. 'हीच खुर्ची बनव. एकाही आकड्याला हात लावू नकोस. माझं नाव कुठे घेऊ नकोस.' दोन वर्षांत तू मला लिहिलेली ही पहिली तीन वाक्यं. मी ती इतक्या वेळा वाचली की चिठ्ठी घडीवर फाटली.

आता जे लिहितो ते लिहून बरेच कागद फाडले. तू चिडशील आणि परत गप्प होशील याची मला भीती वाटते. तरी लिहितो. तुझी आकृती चालणार नाही.

तू खुर्ची पंचावन्नची केलीस. दाराच्या हिशेबानं ते बरोबर आहे. पण तू आजींना पाहिलेलं नाहीस. मी तुला दाराचं माप पाठवलं, त्यांचं पाठवलंच नाही. मी पलंगाच्या कडेला दोन फळ्या तेवढ्या अंतरावर उभ्या धरल्या आणि त्यांना मध्ये बसायला सांगितलं. त्या बसल्या. दोन्ही दंड छातीशी आले. म्हणाल्या, "मला खोक्यात भरून कुठे पाठवताय का?" तशा बसून दांडी ओढता येणार नाही. आणि पुन्हा कुठे हात चेपला तर आजोबा मला जिन्यावरून खाली टाकतील, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही.

ठिणगीशी बोललो. म्हणजे आधी मी तिला नुसतं 'चुकलं' म्हणालो. ती म्हणाली, "ते मला माहितीय. पुढे बोल." मग आम्ही दोघं आजींच्या घरी गेलो. पॅसेजमध्ये उभं राहून मी हाक मारली, "आजी, बाथरूमचं दार उघडू का?"

"अरे, दारच आहे ते. नवरीसारखा लाजतोस काय!"

उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं. ठिणगी म्हणाली, "एकोणसाठच्या वर काही जात नाही यातून." मी म्हणालो, "खुर्ची बारीक करता येत नाही." ती म्हणाली, "आजींनाही नाही." आतून आजी, "ऐकू येतंय मला!"

आणि मग कुणी आधी म्हटलं ते आम्हा दोघांनाही आठवत नाही, पण म्हटलं असं: दार बाहेर उघडलं तर? बिजागऱ्या पॅसेजच्या बाजूला घ्यायच्या, म्हणजे दार पूर्ण मागे जाऊन भिंतीला चिकटेल. चौकट सबंध मोकळी. आहे तीच खुर्ची जाईल. दार टेकायला चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाला एक लाकडी पट्टी मारावी लागेल, बाजूला मारली तर रुंदी जाईल. दार ओढून घ्यायला आतून एक दोरी, आणि आजींचा हात पोहोचेल इतक्या खाली कडी.

आजोबांनी लगेच मोडता घातला. "पॅसेजमध्ये माझं कपाट आहे."

आजी म्हणाल्या, "कपाट हलेल. मी हलत नाही."

आता दुसरी गोष्ट. तू नाव घेऊ नकोस म्हणालीस. घेतलं.

ठिणगीच्या पत्रकातली खूण बघवली नाही म्हणून मी खरं सांगितलं, असं लिहिलं तर छान दिसेल. खरं तसं झालं नाही. सर म्हणाले, "दार बाहेर घेताय ना? मग ती आकृती फळ्यावर काढ, दारासकट. सगळ्यांना बघू दे." मी खडू उचलला. पहिली उभी रेघ काढली. पुढे काही येईना. तुझी आकृती डोळ्यांसमोर लख्ख दिसत होती, पण कुठली रेघ कशासाठी होती ते माहीत नव्हतं. मागे कुणीतरी खोकलं. नववीत बाईंनी सगळ्यांसमोर, तू बनवून दिलेलं दिव्याचं सर्किट उघडून समजावायला सांगितलं होतं आणि मी शाळेतून पळालो होतो, तसंच. फरक एवढाच की या वेळी मी पळालो नाही. पळालो नाही कारण दारात लंबू उभा होता.

मी म्हणालो, "सर, ती माझ्या ताईनं काढलेली आहे."

"मग तुझं काय होतं त्यात?"

"आकडे. दाराचा आणि खुर्चीचा. ताईनं तिथे दार उघडून मोजा असं लिहिलं होतं. ते मी ठिणगीला दिलंच नाही."

सरांनी ठिणगीचं पत्रक काढलं, पेन्सिलीची खूण खोडली, पण दुसरीकडे कुठे केली नाही. मग मला म्हणाले, "खडू आहे ना हातात? काढ."

काढलं. दार वाकडं, भिंत तिरकी. ठिणगी पुढे येऊन म्हणाली, "हा बटाटा कशाला?"

"बिजागरी आहे."

"मग तसं लिही शेजारी."

लिहिलं. तिनं आणखी विचारलं, मी आणखी लिहिलं. शेवटी फळ्यावर रेघांपेक्षा शब्द जास्त झाले, पण त्यावरून तिला पट्टी कापता आली.

तुझी आकृती जपून ठेवली आहे. वापरणार नाही. रागावू नकोस असं म्हणायचा मला हक्क नाही, पण म्हणतो.

छोटू

२४ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. आज दुसरी चाचणी झाली ती कळवतो, आणि सोबत एक कागद पाठवतो, त्याबद्दल शेवटी.

आजोबांनी दार उघडल्याबरोबर सांगितलं, "या वेळी कुणाला खरचटलं तर मी कुणाचं ऐकणार नाही." आजींच्या बोटांवर अजून खपली आहे. ती झाकायला त्यांनी हातरुमाल गुंडाळला होता. मला बरोब्बर तोच दिसत होता.

दार बाहेर, भिंतीला टेकलेलं. आजी खुर्चीत बसल्या. ठिणगी एका बाजूला वाकून बघत होती, मी दुसऱ्या. आजी म्हणाल्या, "दोघंही बाजूला व्हा, मला गाडी चालवू द्या." दांडी धरली. पहिला हिसका, दुसरा. उतारावर चाक किंचित तिरकं झालं आणि माझा हात पुढे गेला. सर म्हणाले, "थांब." मी थांबलो. माझा हात तसाच हवेत. आजींनी दांडी सोडून पुन्हा धरली, खुर्ची सरळ केली आणि चौकटीतून आत गेल्या. दोन्ही बाजूंना बोटभर जागा होती.

मग आतून दोरी ताणली गेली. दार हळूहळू भिंतीपासून सुटलं, आमच्या समोरून गेलं आणि लागलं. कडीचा आवाज आला.

आत पाणी पडत होतं. बराच वेळ गेला. आजोबा दोनदा दारापर्यंत जाऊन मागे आले. शेवटी न राहवून म्हणाले, "झालं का? येऊ का आत?"

आतून आवाज आला, "खबरदार!"

लंबू असा हसला की सरांनाही हसू आवरेना. आजोबा मात्र हसले नाहीत. ते पॅसेजमध्येच उभे राहिले, दोन्ही हात पुढे धरून, जणू आता या हातांचं करायचं काय ते त्यांना कुणी सांगायला हवं होतं. दोन वर्षं त्या दारातलं काम त्यांचं होतं. मला तुझी आठवण आली. तू निघालीस त्या दिवशी मी म्हणालो होतो की माझं जे काही वाटोळं झालं ते तुझ्या मदतीनं झालं. तेव्हा तूही दारात अशीच उभी होतीस, बॅग खाली ठेवून. वेगळं लिहीन म्हणालो होतो ते हेच. यापुढे काय लिहायचं ते मला सुचत नाही. तुझ्यामुळे मी बुडालो नव्हतो. बुडू नये म्हणून तू धरून ठेवलं होतंस, आणि मला पोहायला येत नाही हे दोघांनाही कळलं नाही.

आता कागदाचं.

पत्रक आधी आपलं आपण भरायचं असतं. ठिणगीनं 'चूक शोधणं' समोर 'एकट्याला जमतं' अशी खूण केली आणि सरांकडे असं बघितलं की त्यांनी मुकाट्यानं सही केली. मी माप घेणं, समजावणं, चूक शोधणं या तिन्हींसमोर 'मदतीनं' लिहिलं. मदत ठिणगीची होती, तिनं लगेच एक ओळ लिहून सही करून दिली. वर म्हणाली, "पुढच्या वेळी दार मी उघडणार." राहिली 'आकृती काढणं' ही ओळ. तिथेही मी 'मदतीनं' लिहिलं. सर म्हणाले, "मदत कुणाची?"

"ताईची."

"मग ते त्यांनी लिहायला हवं."

इथला नियम असा आहे की ज्यानं मदत केली त्यानं एक ओळ लिहायची: आता याला एकट्याला सोडलं तर चालेल का. त्या ओळीवरून सर ठरवतात, खूण 'मदतीनं'वर ठेवायची की 'अजून नाही'वर. मी विचारलं, दुसऱ्या कुणी लिहिलं तर? सर म्हणाले, "तुला ज्यांनी आधी काढून दिलं, त्यांनाच ते माहीत असणार."

म्हणून पत्रक सोबत आहे. फळ्यावरची आकृती मी कागदावर उतरवली आहे, तीही जोडली आहे. बिजागऱ्या अजून बटाट्यासारख्याच आहेत. आणि तुझ्या दोन्ही आकृत्या परत पाठवतो आहे, म्हणजे तुला शेजारी ठेवून बघता येईल.

महिनाअखेरीस सर पत्रकं बंद करतात. तू काय लिहावंस हे मी सांगणार नाही. 'चालणार नाही' असं वाटलं तर तसंच लिही. मग मी मालकांना एप्रिलमध्ये काय सांगायचं ते बघीन. तू काही लिहिलंच नाहीस तरी सर मला 'अजून नाही'च देणार, तेही मला माहीत आहे.

आत तिकीट लावलेलं एक पाकीट ठेवलं आहे. त्यावर पत्ता माझा नाही, सरांचा आहे. तुझी ओळ मला आधी दिसणार नाही.

तुझा
छोटू